चुला, पराटी आन् वऱ्हाडचा इस्तो



पराटी उपटायचे दिवस आले. दरवर्षी या दिवसांत कृषी विभागाचा एकच निरोप असतो: डिसेंबरअखेर कपाशी मोकळी करा, फरदड घेऊ नका, पराटीची गंजी धुऱ्यावर रचून ठेवू नका. निरोप बरोबरच आहे. पण ती गंजी धुऱ्यावर आली काहून, हे मात्र कोणी सांगत नाही. ती आली घरातल्या चुल्यासाठी. आन् वऱ्हाडातल्या चुल्यात लाकूड न जळता पराटी, तुराटी आन् गोवरी काहून जळते, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आज तेवढाच विषय घेतो.

पहिलं जमिनीचं पाहू. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट, आन् मधात पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट काळा पट्टा, ज्याला जुने लोक पयनघाट म्हणत. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर सगळं याच्यात. त्यातला बराच भाग खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, झाडं विरळ, बाभूळ तेवढी तग धरते. म्हणजे मधल्या पट्ट्यात सरपणाची चैन मुळातच नव्हती.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आन् विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस सोन्यासारखा झाला. त्याच काळात रेल्वे आली. भुसावळहून अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. कापसाचे भाव पाहून माणसानं जिथं वखर चालेल तिथं वखर घातला. पडीत, चराई, झुडपी रान वाहितीत आलं. रुळाखालच्या स्लीपरला लाकूड लागलं ते वेगळंच. इकडे मेळघाटचं जंगल सरकारनं राखीव केलं, तिथून मनाला येईल तसं लाकूड आणायची सोय संपली. पुढे १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता.

मंग मधल्या पट्ट्यातल्या बाईनं चुल्यात काय घालावं? वावरातून जे निघते तेच. कपाशीची पराटी, तुरीची तुराटी, ज्वारीची धसकटं, आन् पावसाळ्यात कमी पडू नये म्हणून गोवऱ्या. चुला निवडायचा, सरपण निवडायचं, असं आपण आज म्हणतो. तेव्हा निवड नव्हती. पिकानं सरपण ठरवलं आन् सरपणानं चुला ठरवला.

आपला वऱ्हाडी चुला पाहा. मातीचा, तोंड मोठं, बाजूला उल्हा. मोठ्या तोंडाचं कारण पराटीच आहे. पराटी वाकडी, फांद्यांची, लांब. ती तोडून बारीक करायला कोणाला वेळ? बुडखा आत सरकवायचा, शेंडा बाहेर, जशी जळेल तशी आत ढकलत जायची. तुराटी सरळ, भरकन पेटते आन् भरकन विझते. म्हणून पेटवायला तुराटी, भाकरीला पराटी, आन् दूध तापवायला किंवा वरण शिजत ठेवायला गोवरीचा मंद आर. उल्ह्यावर भाजी आपोआप शिजते, तिला वेगळं सरपण नाही. माह्या मायचा हा हिशोब कोणत्या पुस्तकात नव्हता, पण तो पक्का होता.

आता गोवरीचा मुद्दा, कारण शेतीशी त्याचं वैर आहे. शेण जाळलं की त्यातलं नत्र हवेत जाते. राखेत पालाश, स्फुरद राहते, पण वावराला हवा असलेला सेंद्रिय भाग गेलाच. इंग्रज अंमलदार म्हणत, हिंदुस्थानचा शेतकरी अडाणी, खत जाळतो. १८८९ च्या अखेरीस व्होल्कर नावाचे कृषी रसायनशास्त्रज्ञ सरकारनं विलायतेहून बोलावले. ते वर्षाहून जास्त काळ देशभर फिरले आन् १८९३ मध्ये त्यांचा अहवाल निघाला. त्यांनी उलटं सांगितलं: जिथं लाकूड मिळते तिथं शेतकरी शेण जाळत नाही, लाकूड नाही म्हणून जाळतो. उपाय सुचवला तो असा, की गावाजवळ सरपण आन् चाऱ्यासाठी राखीव रानं उभी करा. म्हणजे चुल्याचा प्रश्न हा खताचा प्रश्न आहे, हे सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर आलं होतं. त्या कागदाचं पुढे काय झालं, ते आपल्या गावच्या ई-क्लास जमिनीकडे पाहून समजते.

पराटीचं दुसरं नशीब आपल्या शेजारी इंदूरला लिहिलं गेलं. तिथं १९२४ ते १९३१ अल्बर्ट हॉवर्ड काम करत होते, आन् त्यांच्यासोबत यशवंत वाड. संस्थेला पैसा कापूस समितीचा. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती तिथली. त्यांच्यासमोर अडचण आपलीच होती: पराटी आन् तुराटी इतकी टणक की कुजत नाही. त्यांनी काय केलं? ती फार्मच्या रस्त्यावर अंथरली. बैलगाड्या, माणसं, जनावरं तिच्यावरून गेली, ती चेचली गेली, मंग ती गोठ्यात जनावरांच्या खाली आन् तिथून खड्ड्यात. आज आपण ट्रॅक्टरच्या श्रेडरनं तेच करतो, आन् नवीन शोध लागल्यासारखं बोलतो. १९३१ मध्ये दोघांचं पुस्तकही निघालं. पण वऱ्हाडात ही गोष्ट वावरापर्यंत आली नाही, आन् काहून आली नाही हे उघड आहे. पराटी खड्ड्यात घातली तर संध्याकाळी भाकर कशावर?

हाच पेच वर्ध्याच्या लोकांनी चुल्याकडून सोडवायचा प्रयत्न केला. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, कुमारप्पा त्याचं काम पाहत, ठिकाण वर्ध्याची मगनवाडी. त्यांच्या कामातून ‘मगन चूल’ आली. बंद तोंडाची, एका इस्तवावर दोन-तीन भांडी, धूर धुराड्यातून बाहेर. देशातल्या पहिल्या सुधारित चुल्यांत तिचं नाव घेतात. वर्धा नदी ओलांडली की आपला जिल्हा लागतो, म्हणजे हा शोध आपल्या उंबऱ्यावरचाच.

पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. २००२ मध्ये बंद होईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याचा हिशोब आहे. कागदावर चूल चांगली होती. साधा चुला लाकडातली जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला देतो, सुधारित चुलीनं वीस टक्के द्यावी अशी अट होती. मंग त्या चुली गेल्या कुठं? आमच्या गावात बसल्या त्यांचं मी पाहिलं ते सांगतो. तोंड लहान, त्यात पराटी मावेना. भोकाचं माप ठरलेलं, घरातला गंज त्याच्यावर बसेना. धुराड्यात काजळी साचली की ते साफ कोण करणार, हे कोणी शिकवलं नाही. आन् एक गोष्ट साहेब लोकांच्या ध्यानात आलीच नाही: धाब्याच्या घरातल्या लाकडांना धुरानं कीड लागत नसे, आढ्याला टांगलेलं बियाण्याचं कणीस त्याच धुरात सुरक्षित राहे. धूर बाहेर काढला की ही कामं दुसऱ्या कोणी तरी करायची होती. दोन-तीन पावसाळ्यांत बायांनी त्या चुली फोडून पुन्हा मोठ्या तोंडाचा चुला घातला. त्यात अडाणीपणा नव्हता. चूल दुसऱ्याच सरपणासाठी बनवली होती, इतकंच.

पण धुराची बाजू घेऊन बोलतो असं समजू नका. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं, तेव्हा जगाला पहिल्यांदा समजलं की शहरातल्या हवेपेक्षा खेड्यातल्या स्वयंपाकघराची हवा वाईट आहे. दमा, मोतीबिंदू, लेकरांना न्यूमोनिया. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बाया साठीच्या आत खोकत काहून बसत, याचं उत्तर त्यात आहे. माणसं ओट्यावर, धूर बाईला.

गोबर गॅसबद्दल थोडक्यात सांगतो. १९८१-८२ पासून सरकारी योजना, १९८४ मध्ये स्वस्त ‘दीनबंधू’ मॉडेल आलं. माह्या मते शेतकऱ्यासाठी याच्याइतकी चोख गोष्ट झाली नाही: गॅसही मिळते आन् खतही, व्होल्करच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. पण दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नास किलो शेण आन् तेवढंच पाणी लागते. म्हणजे चार-पाच जनावरं. ट्रॅक्टर आला, बैलजोड्या गेल्या, खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही तिथं टाकीला कुठून? ज्याच्याकडे गाई-म्हशी टिकल्या त्याची टाकी अजून चालते. बाकीच्यांच्या टाकीत आता कोंबड्या अंडी देतात.

मधात रेशनच्या रॉकेलचा स्टोव्ह येऊन गेला. पंप मारायचा, पिन घालायची, अन् पाहुण्यांचा चहा तेवढा करायचा. भाकर काही त्याच्यावर जमली नाही.

मंग सिलिंडर. १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली, आन् आठ कोटीवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, औरंगाबादला दिलं गेलं. गॅसनं बाईचा धूर खरोखर कमी केला, हे मानलंच पाह्यजे. पण १४.२ किलोची टाकी भरून आणायला रोख पैसा लागते, आन् पराटी फुकट असते. २०२२ मध्ये उज्ज्वलावाल्यांना टाकीमागं २०० रुपये अनुदान मिळालं, २०२३ मध्ये ते ३०० झालं, तरी गरीब घरात वर्षाला तीन-चार टाक्यांच्या वर जात नाही. चहा, भाजी गॅसवर. आंघोळीचं पाणी, ढोराचं आंबोण, भाकरी चुल्यावर.

आन् इथंच बोंडअळीची गोष्ट जुळते. आमच्या घरी चुला एकटा होता तेव्हा गंजी मिरगाच्या आत बरीचशी संपे. आता चुला अर्धवेळ झाला, गंजी मात्र पहिल्याइतकीच रचली जाते. ती पुढच्या पावसाळ्यात धुऱ्यावरच उभी असते.

गुलाबी बोंडअळी परकी नाही. १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते गुजरातमधल्या भडोचहून गेलेल्या नमुन्यांवरून. अळी पूर्ण वाढली की कवडीत, दोन सरक्या चिकटवून त्यांच्या मधात, कोश न करता महिनोन्‌महिने झोपून राहते. पावसाची ओल लागली की पतंग बाहेर पडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही अळी इजिप्तमध्ये पोचली, आन् तिथं शेतकरी पराटी सरपण म्हणून घराच्या छपरावर रचत. छपरावरच्या त्याच गंजीतून दरवर्षी पतंग निघत. पराटी वेळेत उपटायचा कायदा त्यांना करावा लागला.

आपल्याइकडे २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं, दहा-बारा वर्षं आपण या अळीला विसरलो. २०१७ मध्ये विदर्भात बोंडं फोडून पाहिली तर आत अळी. सगळा दोष गंजीला देणं मला पटत नाही. अळीनं बीटी पचवलं, आपण लांब मुदतीचे वाण लावून मार्चपर्यंत फरदड घेतली, जिनिंगच्या आवारात सरकी पडून राहिली. पण गंजीतली कवडी हे त्यातलं आपल्या हातातलं एक दार आहे, आन् ते बंद करायला पैसा लागत नाही.

चुला गेला म्हणून इस्तवाची हौस गेली असंही नाही. मार्गशीर्षात रोडगे करायचे तर गोवऱ्यांचाच आर पाह्यजे, गॅसच्या तंदूरवर तो खरपूसपणा येत नाही. हुरड्याची आगटी तशीच: वावरात खड्डा, त्यात गोवऱ्या, इस्तो खाली बसला की राखेत कणसं खुपसायची आन् गरम गरम हातावर चोळायची. सोयाबीन आल्यापासून ज्वारी गेली आन् आगट्याही गेल्या. आता अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा हुरड्यासाठी ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ वाण आहे, काही जण एक-दोन तास मुद्दाम पेरतात. शहरातले लोक त्या आगटीला पैसे देऊन येतात. गोवऱ्या मात्र त्यांच्यासाठी विकत आणाव्या लागतात, हेही पाहून झालं.

माह्या वावराचं या सालचं सांगतो. कपाशी नाताळच्या आठवड्यात मोकळी केली. एकरी साधारण टनभर पराटी निघते. श्रेडरनं कुट्टी केली, शेणाचा काला, थोडा युरिया आन् ट्रायकोडर्मा टाकून ढीग लावला. नुसती कुट्टी मातीत घातली तर ती कुजताना पिकाचं नत्र ओढते, म्हणून हा ढीग. घरच्या चुल्यासाठी चार भारे ठेवले. त्यातली एकूण एक कवडी माय आन् सून यांनी ओट्यावर बसून तोडली, टोपलंभर निघाली, आन् रात्री शेकोटीत टाकली. चार भारे आता घराच्या पडवीत आहेत, धुऱ्यावर काही नाही. होळीपर्यंत ते संपतील असा मायचा अंदाज आहे.