‘देफॉर्मारे’ : एक क्रियापद, दोन विरुद्ध अर्थ

लॅटिन भाषेत ‘देफॉर्मारे’ असे एक क्रियापद आहे. आकार देणे, रेखाटणे, कोरणे हा त्याचा एक अर्थ. आकार बिघडविणे, विरूप करणे हा दुसरा. इंग्रजीत आज प्रामुख्याने दुसराच अर्थ परिचित असल्यामुळे लॅटिन बायबलमधील एका वचनाचा अर्थ उलटा लागण्याचा संभव आहे.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (३:७) संत पौल मोशेच्या नियमशास्त्राविषयी लिहितात. त्या सेवेला ते मरणाची सेवा म्हणतात आणि ती अक्षरांनी दगडांवर ‘देफॉर्माता’ होती, असे लॅटिन पाठ सांगतो. ‘मरण’ शब्दाशेजारी हे पद पाहून ‘विद्रूप झालेली’ असा अर्थ कोणी घेईल. परंतु मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ठसा उमटविलेली, कोरलेली असा आहे. शिवाय त्याच वचनात ती सेवा तेजाने युक्त होती, मोशेच्या मुखाकडे इस्राएल लोकांना टक लावून पाहवत नव्हते, असेही म्हटले आहे. प्रेषित जुन्या कराराला विद्रूप ठरवीत नाहीत. यहुदी लोकांना देवाने टाकलेले वा शापित म्हणून दाखवू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली स्पष्ट केले; तेव्हा या एका शब्दाचा अर्थ नीट लावणे अगत्याचे आहे.

एकाच शब्दाला असे दोन अर्थ कसे आले? ‘फॉर्मा’ म्हणजे आकार, रूप. ‘दे’ या उपसर्गात ‘खाली’, ‘पूर्णपणे’ आणि ‘पासून दूर’ अशा छटा आहेत. आपण चित्र कागदावर उतरवितो आणि दुःखाने चेहराही उतरतो. तसेच काहीसे हे आहे. संस्कृत ‘वि’ उपसर्गही ‘विख्यात’ शब्दात अर्थ वाढवितो, तर ‘विरूप’ शब्दात तो बिघडवितो.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रूव्हियस नियोजित इमारतीचे रूप रेखाटण्यासाठी हेच क्रियापद वापरतो. जालना जिल्ह्यातील वाचकांना येथे भोकरदनची आठवण व्हावी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेले हस्तिदंती काम भोकरदनच्या उत्खननात मिळाले असून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्या मूर्तीचा संबंध भोकरदनशी जोडला आहे. त्या कारागिराच्या हातून जे घडले त्याला पॉम्पेईच्या लॅटिन भाषेत ‘देफॉर्मारे’ म्हणता आले असते, तेही पहिल्या, चांगल्या अर्थाने!

दुसरा अर्थही बायबलच्या परिवाराबाहेरचा नाही. फारोच्या स्वप्नातील रोड गायींना (उत्पत्ती ४१:१९) लॅटिन पाठात याच कुळातील ‘देफॉर्मेस’, म्हणजे कुरूप, असे विशेषण आहे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या २७ व्या प्रवचनात दोन्ही बाजू समोरासमोर आणल्या आहेत. क्रूसावरील ख्रिस्ताची विरूपता तुम्हांला रूप देते, असा त्यांचा आशय आहे. मराठीत ‘विरूपता’ आणि ‘रूप’ हे शब्द योजल्यास त्यांची शब्दयोजना बऱ्याच अंशी राखता येते. ‘व्यंग’ हा शब्द मात्र येथे आम्ही योजणार नाही. तो सहसा शरीरातील उणिवेसाठी वापरला जातो. प्रभूच्या देहावरील जखमा इतरांनी केलेल्या होत्या.