कोंबडीचे वजन आणि अंड्याचा हिशेब

कोंबडी लहान असावी की मोठी, हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने एड्रियाटिक कोंबड्यांविषयी लिहून ठेवले की, त्या अंगाने लहान, पण अंडे रोज घालतात. कारणही दिले: अंग लहान असल्याने खाल्लेले त्या अंगात मुरत नाही, ते अंड्यांकडे वळते. इसापनीतीतल्या विधवेने दिवसाला दोन अंडी मिळावीत म्हणून कोंबडीचा जवाचा खुराक दुप्पट केला. कोंबडी माजली, लठ्ठ झाली आणि अंडी घालायचीच थांबली. वजन आणि अंडी यांचे नाते माणसाने असे तराजू हाती घेण्याआधीच टिपले होते.

या सगळ्या कोंबड्यांचे मूळ आशियातली रानकोंबडी. तिची मादी जेमतेम किलोभर वजनाची. वर्षाला मोजकी दहा-पंधरा अंडी घालायची आणि ती उबवायला बसायचे, एवढाच तिचा क्रम. माणसाने तिला जवळ केल्यावर अंग आणि अंडी दोन्ही वाढवायची धडपड सुरू झाली.

ती एकोणिसाव्या शतकात टोकाला गेली. 1840 च्या दशकात चीनमधल्या थोराड कोंबड्या इंग्लंडला पोहोचल्या. व्हिक्टोरिया राणीच्या खुराड्यात त्या आल्या आणि लोकांना त्यांचे वेड लागले. अमेरिकेत तर या लाटेला ‘हेन फीव्हर’ असेच नाव पडले. प्रदर्शनांत वजनाला बक्षिसे मिळू लागली, एकेका जोडीला भरमसाट भाव आला. पण कोचीनसारखी कोंबडी खायची भरपूर आणि वरचेवर खुडूक बसायची. काही वर्षांतच भाव कोसळले. त्या रक्ताचा उपयोग झाला तो पुढे, ऱ्होड आयलंड रेडसारख्या तपकिरी अंड्यांच्या जाती घडवताना.

अंड्यांच्या धंद्यात बाजी मारली ती इटलीतल्या लिव्होर्नो बंदरावरून नाव मिळालेल्या हलक्या अंगाच्या लेगहॉर्नने. ती सहसा खुडूक बसत नाही आणि खातेही बेताचे. तरी कोणती कोंबडी किती घालते, हे कळप पाहून कळत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात सापळ्याची घरटी वापरात आली. कोंबडी आत शिरली की दार पडायचे, आणि अंडे तिच्या नावावर लिहूनच तिला सोडायचे. त्याच केंद्रात रेमंड पर्ल यांनी दाखवले की, जास्त अंडी घालणारी आई निवडून भागत नाही. तिच्या लेकी काय करतात तेही पाहावे लागते. वजनाची चर्चा तेव्हापासून वंशाच्या हिशेबाशी जोडली गेली.

आपली गावरान कोंबडी हेच सांगते. अंगाने ती लेगहॉर्नइतकीच हलकी, पण वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी घालते, कारण मधूनमधून खुडूक बसते आणि पिल्ले वाढवते. हलके अंग एकट्याने अंडी वाढवत नाही. खुडूकपणा घालवणारी निवड, खाद्य आणि उजेड यांची जोड लागते.

महाराष्ट्रात अशा निवडीचा वारसा व्यापारी पातळीवर आणला तो बी. व्ही. राव यांनी. त्यांनी 1971 मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे बीव्ही-300 ही हलकी पांढरी लेअर, म्हणजे अंड्यांसाठीची कोंबडी, देशभर पोहोचली. आजची अशी कोंबडी सुमारे दीड किलोची असते, दिवसाला 100 ते 110 ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला 300 च्या आसपास अंडी घालते. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त!

इथे हलकेपणाला मर्यादा येते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. रात्री पोट रिकामे असताना त्यातला काही भाग हाडांतून काढला जातो. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, पुरती भरण्याआधीच तिला जास्त तास उजेड देऊन अंड्यावर आणली, तर अंडी बारीक येतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. भरपूर चरबी चढली, तर यकृत खराब होते. ब्रॉयलरच्या मादीला पोटभर खाऊ दिले, तर तिच्या अंडाशयात एकाच वेळी अनेक बलक पिकतात. दुहेरी बलकाची, कच्च्या कवचाची अंडी निघतात, आणि चांगली अंडी घटतात. जास्त वजनाची कोंबडी मोठी अंडी घालते, हेही खरे. पण वय वाढेल तसे अंडे मोठे होते आणि कवचाचा माल त्या प्रमाणात वाढत नाही; मग तेच कवच ताणून पातळ होते.

म्हणून अंड्यांची मोजदाद करण्याआधी तलंगेचे वजन मोजायला हवे. दर आठवड्याला काही पक्षी तोलावेत. कळपातले किमान 80 टक्के पक्षी सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, ते पाहावे. उजेड वाढवायचा निर्णय वयाबरोबर वजन पाहून घ्यावा. परसातल्या चार कोंबड्यांनाही हे लागू आहे: उरलेला भात कितीही घातला, तरी त्यातून चरबीच वाढते, कवचासाठी शिंपल्याचा चुरा वेगळा द्यावा लागतो. कोंबडीच्या अंगातून आपण वर्षभर घेत राहणार असू, तर ते अंग पहिल्या अठरा आठवड्यांत नीट घडवणे ही आपली जबाबदारी आहे.