ओडिशाच्या किनाऱ्यावरची डाकवाट

२० जून १७५६ रोजी कलकत्ता सिराजउद्दौल्याच्या हाती पडले. ही बातमी मद्रासेस पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला होता. ऑक्टोबरात क्लाइव्हला घेऊन निघालेले आरमार हुगळीच्या मुखाशी लागले तेव्हा डिसेंबर आला होता. शिडाच्या जहाजांच्या त्या काळात बंगालच्या उपसागरात कोणी कोठे केव्हा जावे हे वारा ठरवीत असे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की कलकत्त्याहून दक्षिणेस जाणे कठीण, आणि ईशान्येचा सुटला की मद्रासेहून उत्तरेस येणे कठीण. अशा वेळी दोन शहरांना जोडणारे एकच भरवशाचे साधन उरत असे, आणि ते म्हणजे माणसाचे पाय.

परंतु हे पाय ज्या भूमीवरून धावावयाचे ती भूमी कंपनीची नव्हती. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने ओडिशाचा वसूल नागपूरकर रघूजी भोसल्यांना तोडून दिला होता, आणि बंगालच्या चौथाईपोटी सालिना बारा लक्ष रुपये देण्याचे कबूल केले होते. पुढे १७६० मध्ये मेदिनीपूर कंपनीकडे आले. १७६५ मध्ये बादशाही फर्मानाने उत्तर सरकार प्रांत तिला मिळाले, आणि गंजामपर्यंतचा दक्षिण किनारा तिचा झाला. उत्तरेचे टोक कंपनीचे, दक्षिणेचे टोकही कंपनीचे, आणि मधला सारा किनारा मराठ्यांचा. नकाशावरची ही फट पुढे चाळीस वर्षे कलकत्त्याच्या कौन्सिलाला सलत राहिली.

हा प्रदेश तसा निवांत. जलेश्वर, बालेश्वर, भद्रक, कटक आणि तेथून चिलिका सरोवराला वळसा घालून गंजाम असा हा मार्ग. एका हाताला भातखाचरे, दुसऱ्या हाताला वाळू, केवड्याची बने आणि समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढणाऱ्या मलंगी लोकांच्या झोपड्या. जगन्नाथाच्या यात्रेकरूंचे थवे सोडले तर या वाटेवर फारशी वर्दळ नसे. वाटेला खरा अडथळा होता तो नद्यांचा. सुवर्णरेखा, बुढाबलंग, वैतरणी, ब्राह्मणी, महानदी आणि तिचीच शाखा काठजोडी या साऱ्या डोंगरातून उतरून समुद्राकडे धावतात, आणि किनाऱ्याने जाणाऱ्याला त्या एकामागून एक आडव्या येतात. पावसाळ्यात त्या एकमेकींत मिसळू पाहत. पुराणात वैतरणी मृत्यूनंतर ओलांडावयाची. येथल्या हरकाऱ्याला ती नोकरीचा भाग म्हणून ओलांडावी लागे!

हरकाऱ्यांची ही पद्धत इंग्रजांनी शोधून काढली, असा एक समज आहे. तो खरा नाही. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या राज्यात आलेल्या इब्न बतूताने पायडाकेचे वर्णन केले आहे. मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर एक चौकी, एका हातात पत्र, दुसऱ्या हातात घुंगरू लावलेली काठी. घुंगरांचा आवाज येताच पुढचा धावक कंबर कसून उभा राही. ही पायडाक घोड्याच्या डाकेहूनही जलद जाई असे तो सांगतो, आणि दौलताबादेस सुलतानासाठी गंगाजळ याच मार्गाने येत असे अशीही नोंद करतो. मराठी दप्तरांत तर जासूद आणि कासीद पानोपानी भेटतात. महत्त्वाचे पत्र असले की जासुदाची जोडी रवाना होई. एक वाटेत पडला तर दुसऱ्याने पोचवावे हा त्यातला हिशोब. त्यांच्या मजुरीला ‘अजुरा’ असा स्वतंत्र शब्दच होता.

कंपनीने या जुन्या व्यवस्थेला वेळापत्रकाची शिस्त लावली, हे मात्र मान्य केले पाहिजे. १७६६ मध्ये क्लाइव्हने नियमित डाक सुरू केली आणि वाटेवरच्या जमीनदारांनी धावणारी माणसे पुरवावीत असे ठरविले. १७७४ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने ती खासगी पत्रांसाठीही खुली केली. शंभर मैलांना दोन आणे असा दर ठेवला, आणि तो भरण्यासाठी तांब्याची तिकिटे पाडली. रात्री हरकाऱ्यापुढे मशालजी चाले. जेथे रान दाट तेथे वाघाला बुजविण्यासाठी ढोल वाजविणाराही सोबत असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नागपूरकरांची स्वतःची वाट पूर्व-पश्चिम होती. रायपूर, संबळपूर करीत, महानदीच्या काठाकाठाने, बरमूळच्या खिंडीतून ती कटकास उतरे. कंपनीची डाकवाट उत्तर-दक्षिण. या दोन वाटा कटकाला एकमेकींस छेदीत. सुभेदाराचा जासूद नागपूरकडे निघालेला असताना त्याच गावातून कंपनीचा हरकारा मद्रासेकडे धावत असे. भोसल्यांनी या डाकेला आपल्या मुलखातून जाऊ दिले. कशासाठी? बंगालच्या चौथाईची बाकी कंपनीकडून यावयाची होती आणि तिचा तगादा चालू होता. ज्याच्याकडून येणे आहे त्याच्याशी फार ताणून धरण्यात शहाणपण नसते. शिवाय हातात पत्रांची थैली घेतलेला एकटा माणूस राज्याला धोका करील, असे कोणाला वाटावे?

कंपनीला मात्र आरंभापासून थैलीपेक्षा वाट हवी होती. १७६६ मध्येच टॉमस मॉट नावाच्या इंग्रजाला संबळपूरच्या हिऱ्यांच्या खाणी पाहावयास म्हणून क्लाइव्हने धाडले, आणि जाता जाता कटकच्या मराठी सुभेदाराशी, भवानी पंडिताशी, ओडिशा कंपनीस मिळण्याची काही तोडजोड होते का, याची चाचपणी करावयास सांगितले. ती वाटाघाट फळास आली नाही. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने अलेक्झांडर इलियट यास नागपूर दरबाराकडे पाठविले. तो वाटेतच सारंगगड भागात तापाने वारला.

पुढच्याच वर्षी नाना फडणिसांनी हैदर, निजाम आणि भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. बंगालवर चालून जाण्याची कामगिरी भोसल्यांकडे आली. चिमणाजी भोसल्यांची मोठी फौज १७८० मध्ये कटकास येऊन राहिली. पण तिने सुवर्णरेखा ओलांडली नाही. हेस्टिंग्जने लाखो रुपये देऊन तिला थोपविले. इतकेच नव्हे, १७८१ च्या आरंभी कर्नल पिअर्स बंगालच्या पलटणी घेऊन हैदराशी लढण्यासाठी याच किनाऱ्याने मद्रासेकडे गेला, आणि त्याला कोणी अडविले नाही. ज्या वाटेने पत्रे जात होती त्याच वाटेने फौज गेली. नागपूरच्या मुत्सद्देगिरीतील हा सर्वांत महागडा व्यवहार होय. चौथाईचे पैसे काही अंशी पदरात पडले, पण वाट कंपनीच्या पायाखालची झाली.

१८०३ मध्ये दुसरे मराठा युद्ध सुरू झाले तेव्हा इंग्रजांना ओडिशात मार्ग शोधावा लागला नाही. गंजामहून निघालेली फौज चिलिका आणि समुद्र यांमधल्या वाळूच्या पट्टीवरून माणिकपाटण्यास आली. १८ सप्टेंबरला ती पुरीत शिरली. बालेश्वर त्याच महिन्यात पडले, आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला गेला. त्यानंतर बरमूळची खिंडही इंग्रजांनी घेतली, म्हणजे नागपूरची वाट बंद झाली. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी बालेश्वरासह कटक प्रांत सोडून दिला. अर्ध्या शतकाचा मराठी अंमल असा तीन महिन्यांत आटोपला.

सरकार बदलले तरी पत्रांच्या थैल्या माणसांच्याच खांद्यावरून जात राहिल्या. तीर्थयात्रेसाठी कलकत्त्याच्या राजा सुखमय राय यांनी दीड लक्ष रुपये दिले, त्यातून जगन्नाथ सडक बांधली गेली, आणि हरकाऱ्याला बरी वाट मिळाली. परंतु जड माल वाहून नेणारी वाट या प्रांताला मिळाली नाही. १८६५ चा पाऊस चुकला आणि १८६६ मध्ये दुष्काळ पडला. पत्रे जात होती. तांदूळ येत नव्हता. अखेर कलकत्त्याचे सरकार हलले तोवर पावसाळा तोंडावर आला होता आणि गलबतांतून धान्य किनाऱ्यावर उतरविणे दुष्कर झाले होते. सुमारे दहा लक्ष माणसे मेली, म्हणजे त्या भागातील तीन माणसांतले एक.

त्यानंतर कालवे झाले, आणि शतकाच्या अखेरीस किनाऱ्याने लोहमार्ग आला. १८९७ मध्ये खुर्दा रोडपासून पुरीपर्यंत गाडी धावू लागली. तो मार्ग पुढे ज्या कंपनीकडे गेला तिचे नाव बंगाल नागपूर रेल्वे असे होते. पत्रांच्या थैल्या डब्यात गेल्या, आणि हरकारे किनारा सोडून स्थानकांपासून आत डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटांवर धावू लागले.