जबाबदार : एका शब्दाची कुळकथा

‘जवाब’ मूळचा अरबी. त्याला फारसीतला ‘दार’ चिकटला आणि आपला ‘जबाबदार’ झाला. जमीनदार, फौजदार, सुभेदार ही त्याचीच भावंडं. पण भावंडांच्या हाती जमीन, फौज, सुभा असं काहीतरी होतं. याच्या हाती फक्त उत्तर, आणि तेही वरच्याला द्यायचं. दप्तर काखेत मारून कचेरीत आलेला कुलकर्णी वसूल का तुटला ते उभ्यानं सांगायचा. पोलीस आजही ‘जबाब’ घेतात तो समोर बसवलेल्या माणसाचा. विचारणारा तो हुजूर.

कोल्हापुरात या हुजुराचं सर्वांत उजळ रूप म्हणजे राजर्षी शाहू. २६ जून १८७४ रोजी ते कसबा बावड्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जन्मले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेत होते. राजाचं अपेंडिक्स दुखावलं, सोहळा ऑगस्टवर गेला. त्याच मुक्कामात, २६ जुलैला, मागासलेल्या वर्गांना निम्म्या नोकऱ्या राखणारा त्यांचा हुकूम करवीरच्या गॅझेटात छापून आला. ना सभा, ना मतदान. एवढं मोठं काम एका सहीनं झालं याचा मला अभिमान आहे. पण सही करणारा हात शाहूंचा होता म्हणून ते झालं, हेही तितकंच खरं.

ज्या लंडनमध्ये महाराज उतरले होते, तिथल्या राजाला अशी सही करता येत नव्हती. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स शिपाई घेऊन कॉमन्स सभेत शिरला, सभापतीच्या खुर्चीपाशी गेला आणि पाच सभासद कुठे आहेत म्हणून विचारू लागला. सभापती लेंथॉलनं गुडघे टेकले. सभा सांगेल तेवढंच मला दिसतं आणि तेवढंच बोलता येतं, अशा अर्थाचं तो नम्रपणे म्हणाला. गुडघे राजापुढे, जबाब मात्र सभेला! त्यानंतर यादवी युद्ध पेटलं आणि ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचं मुंडकं उडालं. पुढे १६८९ च्या हक्कांच्या कायद्यानं पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसवायला राजाला मनाई केली. मंत्र्यांनी सभेला उत्तर द्यायचं, ही रीत त्यानंतर हळूहळू मुरत गेली.

२० ऑगस्ट १९१७ च्या भारतमंत्री माँटेग्यूंच्या घोषणेत त्या रीतीचं इंग्रजी नाव हिंदुस्थानासाठी उच्चारलं गेलं. मराठीत ते ‘जबाबदार राज्यपद्धती’ झालं आणि जुन्या शब्दाचं तोंड फिरलं. आता जबाब खाली द्यायचा होता, रयतेला.

कोल्हापूर संस्थानात हे मागणं सोपं नव्हतं. छत्रपतींच्याही वर इंग्रजांचा रेसिडेंट होता, म्हणजे खुद्द हुजूरही जबाब देत होते, पण परक्याला. १९३९ साली भाई माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी प्रजा परिषद उभारली. शेतसारा कमी करा आणि जबाबदार राज्यपद्धती द्या, हे तिचं मागणं. गादीवर शाहूंचे पुत्र राजाराम महाराज होते. बागल सत्यशोधक घरातले, शाहूंना मानणारे. शाहूंनी ज्या रयतेला शाळेत घातलं, तिनंच त्यांच्या गादीला प्रश्न विचारला. यात मला कृतघ्नपणा दिसत नाही. शिकवण रुजली एवढंच दिसतं.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. लंडनसारखी कुऱ्हाड इथे लागली नाही. राज्यघटनेच्या ७५व्या अनुच्छेदानं केंद्रातलं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार ठरवलं. ती घटना घडवणाऱ्या सभेत रत्नाप्पा कुंभारही बसले होते.