संमतिवयाचा वाद (१८९१) आणि डॉ. रा. गो. भांडारकर : प्राध्यापकीय संशोधनाच्या सार्वजनिक उपयोगाचा एक अभ्यास

विद्यापीठीय अध्यापकाचे संशोधन आणि त्याने समाजापुढे केलेले विवेचन ही दोन वेगळी कार्ये मानण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. पहिले कार्य विद्वत्तेचे आणि दुसरे 'विस्तारकार्या'चे, म्हणजे पहिल्यातून वेळ उरल्यास करावयाचे, असा हा समज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या कामाचे गुणांकन सुरू केल्यापासून तर तो अधिकच दृढ झाला. प्रस्तुत लेखात १८९१ च्या संमतिवयाच्या वादातील डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या सहभागाचा विचार केला असून, सार्वजनिक वादात उतरल्यामुळे संशोधनाची हानी न होता त्याला नवा प्रश्न कसा मिळतो, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवयाची मर्यादा दहा वर्षे ठरविली होती आणि ती विवाहित मुलींनाही लागू होती. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध केल्यानंतर हा विषय देशभर चर्चिला जाऊ लागला. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंच्या पतीने त्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. पुढे १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही बालिका पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली. तिने वयाची दहा वर्षे ओलांडलेली असल्याने बलात्काराचे कलम लागू होऊ शकले नाही आणि पतीला सौम्य कलमाखाली एक वर्षाची शिक्षा झाली. या पार्श्वभूमीवर सर अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये मर्यादा बारा वर्षांवर नेणारे विधेयक मांडले. १९ मार्च १८९१ रोजी त्याचा कायदा झाला.

एका दंडविषयक दुरुस्तीचा वाद धर्मशास्त्राच्या पोथ्यांपर्यंत का पोहोचला, हे समजून घेणे आवश्यक आहे. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने प्रजेच्या धर्मात हस्तक्षेप न करण्याचे आश्वासन दिले होते. साहजिकच विधेयकाच्या विरोधकांनी ते धर्माविरुद्ध असल्याचे प्रतिपादन केले. प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान संस्कार झालाच पाहिजे, काही मुलींना बाराव्या वर्षाआधीच ऋतू प्राप्त होतो, सबब कायदा धर्मलोप घडवितो, अशी त्यांची मांडणी होती. हा युक्तिवाद वकिलाला खोडता येण्याजोगा नव्हता. त्यासाठी गृह्यसूत्रे, स्मृती आणि निबंधग्रंथ मुळातून वाचलेला माणूस हवा होता.

भांडारकर त्या वेळी डेक्कन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १८८४ मध्ये प्रसिद्ध होऊन त्यांचा लौकिक युरोपापर्यंत गेला होता. त्यांनी विवाहाचे व समागमाचे वय हिंदू धर्मशास्त्रानुसार काय ठरते, यावर १८९१ मध्ये पुण्यात एक इंग्रजी टिपण प्रसिद्ध केले. पहिल्याच ऋतुकाळी गर्भाधान केलेच पाहिजे असे अनिवार्य बंधन शास्त्रात नाही, हा त्यांचा एक निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाचा मुद्दा गृह्यसूत्रांचा. विवाहानंतर वधूवरांनी किमान तीन रात्री ब्रह्मचर्य पाळावे असे सूत्रकार सांगतात आणि त्यानंतर चतुर्थीकर्माचा विधी येतो. वधू अजाण बालिका असती तर तीन रात्रींच्या संयमाचा नियम घालण्याचे प्रयोजनच उरत नाही. यावरून सूत्रकाळी वधू प्रौढ असे, बालविवाह ही नंतरची रूढी आहे, असे त्यांनी दाखविले.

येथे पद्धतीचा भाग विशेष लक्षणीय वाटतो. 'शास्त्र काय सांगते?' या प्रश्नाच्या जागी 'कोणते शास्त्र, कोणत्या काळी, काय सांगते?' हा प्रश्न भांडारकरांनी ठेवला. पारंपरिक पंडित सर्व वचनांची एकवाक्यता करू पाहतो. इतिहासकार त्यांना कालक्रमाने मांडतो. ही ऐतिहासिक दृष्टी वर्गात शिकविणे सोपे होते. पुण्याच्या तापलेल्या वातावरणात, जेथे विधेयकाच्या समर्थकांची सभा उधळली गेली, तेथे ती जाहीरपणे मांडणे तितके सोपे नव्हते. वचने व त्यांचे अर्थ उघडपणे मांडलेले असल्यामुळे प्रतिपक्षाला ते तपासता आणि खोडता येत होते. तज्ज्ञाने केवळ आपल्या अधिकाराच्या बळावर मत दिले असते, तर वाद मुळात झालाच नसता.

लोकमान्य टिळकांनी भांडारकरांच्या अर्थनिर्णयावर आक्षेप घेतले. टिळक स्वतः संस्कृतचे जाणकार होते, त्यामुळे हा सामना विद्वान विरुद्ध अडाणी असा रंगविणे अन्यायाचे होईल. तथापि टिळकांच्या विरोधाचा गाभा पोथीत नव्हता. परकीय सरकारने आमच्या घरातील व्यवहारावर कायदा करावा का, हा त्यांचा प्रश्न राजकीय होता आणि चतुर्थीकर्माच्या अर्थाने त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. शिवाय भाषेची बाजू होती. भांडारकरांचे टिपण इंग्रजीत आणि 'केसरी' मराठीत. प्रार्थना समाजात मराठीतून प्रवचने करणाऱ्या भांडारकरांना मराठीची अडचण नव्हती, परंतु सरकारला पटवावयाचे तर इंग्रजी हवी होती. ज्या घरांत हा प्रश्न प्रत्यक्ष जगला जात होता, तेथे मात्र 'केसरी'च वाचला जात होता.

या वादाची आणखी एक मर्यादा नोंदविली पाहिजे. दोन्ही पक्ष ग्रंथप्रामाण्याच्या चौकटीत बोलत होते. मुलीच्या शरीरावर व मनावर काय ओढवते, हा प्रश्न त्या चौकटीत दुय्यम ठरला. रखमाबाईंनी १८८५ मध्येच 'एक हिंदू स्त्री' या नावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रे लिहून तो मांडला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने पतीकडे नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश दिला. त्यांच्या साक्षीला गृह्यसूत्राइतके वजन मिळाले नाही, ही त्या काळच्या विद्वत्तेचीही उणीव म्हटली पाहिजे.

वाद शमल्यावर त्याचे संशोधनातील पडसाद उमटले. जर्मन भारतविद्यापंडित युलियस जॉली यांनी या चर्चेची दखल घेऊन भांडारकरांच्या काही मतांशी असहमती दर्शविली. त्याला उत्तर म्हणून भांडारकरांनी १८९३ मध्ये जर्मन प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात बालविवाहाच्या इतिहासावर निबंध लिहिला. पुण्यातील एका कायद्याच्या भांडणातून भारतीय सामाजिक इतिहासातील एक शुद्ध संशोधनविषय उभा राहिला, तो असा. त्याच वर्षी ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पुढे १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ मधील खंडात विवाहवयाच्या पुराव्यांची सविस्तर छाननी केली.

विसाव्या शतकात हे नाते वेगवेगळ्या अंगांनी वाढले. गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्र तेथे शेतकऱ्यांच्या सभेत बोलले गेले. भांडारकरांच्याच डेक्कन महाविद्यालयात समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकविणाऱ्या इरावती कर्वे यांनी भाषेचा प्रश्न मात्र उलट बाजूने सोडविला. पंढरीच्या वारीत स्वतः चालून त्यांनी जातींच्या दिंड्यांमधील अंतर पाहिले आणि ते प्रथम मराठी ललित निबंधात लिहिले. त्याच निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये अमेरिकेतील 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज'ने छापले आणि महाराष्ट्राच्या अभ्यासकांमध्ये ते आजही संदर्भ म्हणून वापरले जाते.