पद्मनाभन, मंजुला

(१९५३ – ). इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय व्यंगचित्रकार, नाटककार, कथा-कादंबरीकार व बालपुस्तकांच्या चित्रकार. जन्म दिल्लीचा. वडील परराष्ट्र सेवेत असल्याने बालपण स्वीडन, पाकिस्तान व थायलंडमध्ये गेले. महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. ‘पारसियाना’ या मुंबईच्या मासिकात त्यांनी काम केले.

सुकी : विनोद मेहता संपादक असलेल्या मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात १९८२ पासून ‘डबल टॉक’ ही त्यांची चित्रपट्टी येऊ लागली. सुकी ही तिची नायिका. त्या काळच्या हास्यचित्रांत बाई बहुधा दोनच रूपांत दिसे : लाटणे उगारणारी बायको किंवा पुरुषांनी वळून पाहावी अशी तरुणी. सुकी यांपैकी कोणीच नाही. विस्कटलेल्या केसांची ही तरुणी आळसावते, वाद घालते, जगाविषयी स्वतःशी विचार करते. तिचे अस्तित्व कोणाच्या नात्यावर टेकलेले नाही. बाईवर हसण्याऐवजी बाईच्या डोळ्यांनी जगाकडे पाहून हसणे, हा विनोदातला मूलगामी बदल होता. सवयीचा विनोद शोधणाऱ्या काही वाचकांना तो रुचला नाही. पुढे १९९० च्या दशकात सुकी दिल्लीच्या ‘पायोनियर’ दैनिकात अवतरली. २००५ मध्ये ‘डबल टॉक’ हा निवडक चित्रपट्ट्यांचा संग्रह निघाला. फ्रान्समध्ये क्लेअर ब्रेतेशेर (१९४०–२०२०) यांनी १९७३ पासून साप्ताहिकातील चित्रमालिकेतून शहरी स्त्री-पुरुषांचे बोलणे-वागणे असेच न्याहाळले होते.

इतर साहित्य : समाज स्त्रीकडे कसा पाहतो, हा व्यंगचित्रांतला प्रश्न नाटकांत अधिक कठोर होतो. ‘लाइट्स आउट’ (१९८४) हे नाटक सांताक्रूझ येथील १९८२ च्या घटनेवर आधारलेले आहे. इमारतीबाहेर एका स्त्रीवर अत्याचार होत असताना सुशिक्षित रहिवासी मदतीला न धावता चर्चा करत राहतात. मानवी अवयवांच्या विक्रीवरील ‘हार्वेस्ट’ला १९९७ मध्ये ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला. त्यावर गोविंद निहलानी यांनी ‘देहम’ हा चित्रपट काढला. ‘एस्केप’ (२००८) या कादंबरीत स्त्रिया नष्ट केलेल्या देशात वाचलेल्या एका मुलीची कथा आहे.

महत्त्व : भारतीय वृत्तपत्रांत स्त्री व्यंगचित्रकार मोजक्याच झाल्या. बंगळुरूच्या माया कामथ (१९५१–२००१) राजकीय व्यंगचित्रे काढीत. त्यांची चित्रे मुंबईच्या ‘स्पॅरो’ या स्त्रीविषयक अभिलेखागारात जतन केली आहेत. पद्मनाभन यांनी राजकारणाऐवजी रोजचे जगणे निवडले आणि स्त्रीचे साधे, स्वतंत्र विचार करणे वृत्तपत्राच्या पानावर आणले.