मेलबर्नमधले तीन गोल

आपल्या जुन्नर-आंबेगावात कबड्डी घराघरांत कळते, फुटबॉल तेवढा नाही. म्हणून आधी एवढंच सांगतो, की अकरा जणांत जो सगळ्यात पुढे खेळतो त्याला फॉरवर्ड म्हणतात. कबड्डीत चढाईला जाणारा असतो ना, तसाच. बाकीच्यांनी घाम गाळून चेंडू त्याच्यापर्यंत आणायचा आणि त्याने गोल करायचा. चुकला तर बोल त्यालाच.

अशाच एका फॉरवर्डची हकीकत आज सांगायची आहे. त्यांचं नाव नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२ चा, मूळ गोव्याचे आणि खेळले मुंबईत. आपल्याकडची माणसं डबेवाले म्हणून, माथाडी म्हणून मुंबईला गेली आणि गावकीच्या खोलीत दाटीवाटीनं राहिली. गोव्याची माणसंही तशीच गेली. धोबी तलावाकडे त्यांच्याही गावागावांच्या खोल्या होत्या, त्यांना ‘कूड’ म्हणत. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तो मोकळा झाला १९६१ साली. म्हणजे मूळ गाव परक्या राजवटीत, आणि अंगावर जर्सी मात्र भारताची!

त्या काळी आपल्याकडे नुसतं खेळून घर चालत नसे. टाटांसारख्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि आपल्या संघातून खेळवत. नेव्हिल आधी टाटांच्या संघात होते, पुढे कॅल्टेक्स या तेल कंपनीच्या. आमच्या मते ही पगाराची नोकरी फार मोलाची होती. ती नसती तर किती पोरांचा खेळ लग्नाआधीच सुटला असता.

आता १९५६ चं मेलबर्न ऑलिम्पिक. चारच वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं होतं. आपले काही गडी तिथं थंडीत अनवाणी खेळले होते. मेलबर्नच्या संघाला शिकवायला होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे आपण न खेळता पुढे गेलो. १ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. मैदान त्यांचं, प्रेक्षकही त्यांचेच.

नेव्हिलनी गोल केला, ऑस्ट्रेलियानं बरोबरी केली. नेव्हिलनी दुसरा केला, त्यांनी परत बरोबरी केली. उत्तरार्धात नेव्हिलनी तिसरा मारला आणि मग मात्र ऑस्ट्रेलियाला उत्तर सापडलं नाही. शेवटी किट्टू यांनी चौथा केला आणि सामना ४-२ असा आपला झाला. एका सामन्यात तिघांचे तीन नव्हे, एकट्याचे तीन गोल. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते आशियातले पहिले खेळाडू. तेव्हा वय अवघं २४.

उपांत्य फेरीत पुन्हा तेच युगोस्लाव्हिया समोर. पहिला गोल आपला, तोही नेव्हिलचाच! हेलसिंकीच्या आठवणीनं ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांनी त्या वेळी श्वास रोखून धरला असेल. पण पुढे चार गोल बसले. ब्राँझच्या सामन्यात बल्गेरियानं ३-० असं हरवलं. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये त्याहून वर आपण आजवर गेलो नाही. नेव्हिलचे चार गोल झाले, स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणाऱ्या तिघांत त्यांचं नाव लागलं.

१९५८ मध्ये कॅल्टेक्सनं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. १६ मार्च १९८० ला नेव्हिल गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. क्रिकेटच्या एका शतकावर पुस्तकं निघतात. या तीन गोलांची गोष्ट मात्र गोव्याबाहेर फारशी कुणी सांगत नाही, आणि आम्हाला ते खटकतं.

नोकरीचा धागा अजून तुटलेला नाही बरं का. ठरावीक पातळीवर यश मिळवलेल्या खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, मुलींनाही. तेव्हा लेकीचं स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठं ठेवलंय, ते आज घरी गेल्यावर बघा. रेशनकार्डाच्या पिशवीत जागा असतेच.